सीरियस म्हणजे काय

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं मला शोभत नाही, असं लोकांना वाटतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणे. बोलोत बापडे. मी आज मुद्दाम भांडायला बसलेय, आणि भांडून झालं की एक गोष्ट सांगायची आहे, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. मी तुमच्यावर सूड उगवला. पुरता उगवला. काय घडलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, पण ते मी जाणूनबुजून केलं होतं हे तुम्हाला कळलं की नाही, याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही. म्हणून हा कागद. कागद म्हणजे तुमचेच ते तारेचे कोरे फॉर्म, मी परदेशी निघाले तेव्हा दिलेले. पाठची बाजू पिवळी पडलीय, पण शाई फुटत नाही. तारखातं बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दिवशी लोक रांगा लावून हौसेने तारा करत होते, एकमेकांना, नातवंडांना, स्वतःलाच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ह्यो कसलो खेळ!" आणि चष्मा पुसत बसला असतात.

मी चौथीत होते. शाळा घाटकोपरला, तुमच्या तार ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून, आणि आई कांजूरला, आमच्या चाळीजवळच, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. तिची दुपारपाळी असली की शाळा सुटल्यावर मी तुमच्या काउंटरमागच्या स्टुलावर येऊन बसायचे, दप्तर पायाशी ठेवून. ऑफिसातले तुम्ही आणि घरातले तुम्ही ही दोन वेगळीच माणसं होती. घरी अस्सल मालवणी, तोंडात सारखं 'गो बाय' नाहीतर 'गो चेडवा', आणि काउंटरवर एकदम इस्त्रीची मराठी. "आपण पत्ता नीट सांगावा." "आपण जरा बाजूला थांबा." मला ते ऐकून इतकं हसू यायचं की मी दप्तरात तोंड खुपसायचे. आतल्या खोलीत यंत्राचं कडकट्ट चाललेलं असायचं, डिंकाचा वास यायचा, आणि तुम्ही लोकांचे मजकूर पेन्सिलीने छाटत बसलेले. पाच ओळी घेऊन आलेला माणूस पाच शब्द घेऊन जायचा आणि वर तुमचेच आभार मानायचा. मला वाटायचं, जगात माझ्या बापाएवढं शब्दांतलं कळणारा दुसरा कुणी नाही.

एकदा गोवंडीहून एक बाई आली. पदर डोक्यावर, पायात चप्पल नाही, बरोबर शेजारीण. नवरा त्याच सकाळी गेला होता आणि दीर गावी. ती म्हणाली, "लिहा, वारले." तुम्ही फॉर्म ओढलात आणि लिहिलंत, ब्रदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली. वाचूनही दाखवलंत. बाई गोंधळली. "अहो साहेब, सीरियस नाय, गेले ते. सकाळीच गेले." तुम्ही चष्म्यावरून तिच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मला समजलं, ताई. पण आपला दीर तिथे एकटा असेल. त्याला आधी गाडीत बसू द्या." ती रडायला लागली आणि रडता रडताच तिने मान हलवली. परत जाताना मी तुम्हाला विचारलं होतं, खोटं का लिहिलंत म्हणून. तुम्ही माझं बोट धरून रस्ता ओलांडत होतात. म्हणालात, "गो बाय, कागदार मराण लिवचा नसता. वाचणारो एकटो आसता. सीरियस वाचून माणूस उठता, गाडी पकडता. तां दुसरां वाचून थंयच बसता." आणि मग, अगदी कानात सांगितल्यासारखं, "पण तुका म्हणान सांगतंय. तारेत सीरियस म्हंजे गेला."

हे तुम्ही घरीही सांगितलंत, एकदा नाही, हजारदा. चाळीत कुणाकडे तार आली की लोक ती घेऊन तुमच्याकडेच यायचे. तुम्ही वाचायचात, घडी घालायचात, म्हणायचात, "सीरियस आहेत. तुम्ही निघा." आणि ते जिना उतरले की आमच्याकडे वळून, "संपलां." एका रविवारची गोष्ट, आई पाटावर बसून बांगडे साफ करत होती, दादा तिच्या बाजूला राखेने विळी घासत होता, आणि तुम्ही असंच काहीतरी 'संपलां' म्हणून पाणी प्यायला आत आलात. आईने मान वर न करता विचारलं, "अवो, मगे कोण खराच आजारी आसलो तर तुमी काय लिवतास?" तुम्ही हसलात. म्हणालात, "तेवाय सीरियसच. दुसरो शब्द खंय आसा?" आई म्हणाली, "मगे वाचणाऱ्यान वळखूचा कसा?" तुम्ही तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, "घरच्यांका बरोबर समाजता." सगळे हसलो. आई सगळ्यात जास्त हसली. बाबा, विचारणारी तीच होती. तिनेच विचारलं होतं.

मी नर्सिंग केलं, मुलुंडच्या हॉस्पिटलात लागले. तिथे एकदा एक संस्थावाले आले. आफ्रिकेत दुष्काळ पडलेला, शेजारच्या देशातून माणसं चालत सुदानच्या हद्दीत येत होती, छावण्यांत गोवर आणि हगवण, परिचारिका हव्यात, एका वर्षासाठी, पगार नाही, राहणं-खाणं त्यांचं. मी हात वर केला. का केला ते आजही नीट सांगता येत नाही. सव्वीस वर्षांची होते, अंगात रग होती, कुठेतरी खरोखर उपयोगी पडावं असं वाटत होतं, झालं. तुम्ही आठ दिवस घर डोक्यावर घेतलंत. "हय माणसां मरनत नाय? गोवंडीक जा, डंपिंगच्या बाजूक जा, थंय कोण व्हया तुका!" आई एकटी माझ्या बाजूची. ती म्हणाली, "जाऊंदे तेका. माका खंय जाऊक गावला?" आणि निघायच्या सकाळी, पिनसुद्धा ऑफिसातून कधी घरी न आणलेले तुम्ही, कोऱ्या फॉर्मचा एक गठ्ठा माझ्या बॅगेत घातलात. "मजकूर आदी ह्याच्यार लिव. चार येळा खोड. मगेच तार कर. तारेत रडाचा नाय." ती तुमची भेट. अख्ख्या जन्मात तुम्ही मला दिलेली सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू.

छावणीचं तुम्हाला मी पत्रात लिहायचे, पण अर्धं लिहायचे. मैलभर गवताच्या झोपड्या, वर प्लॅस्टिकचे तुकडे, आणि धूळ इतकी की दातांत कचकच. सकाळी दूध वाटायचं, दुपारी मुलांची वजनं, आणि रोज एक वेगळी रांग, पुरायची. तिथल्या बायका ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची पातळ पोळी करायच्या, अगदी आपल्या घावनासारखी, आणि एकीने मला ती करायला शिकवली होती. माझं पहिलं फाटलं तेव्हा त्या सगळ्या आडव्या होऊन हसल्या. मार्च सरता सरता राजधानीत पावावरून दंगे सुरू झाले. मग डॉक्टर संपावर, वकील संपावर, बँका बंद, टेलिफोन बंद. तिथला राष्ट्राध्यक्ष अमेरिकेला गेलेला, आणि तो परतायच्या आत लष्कराने सत्ता घेतली. विमानतळ बंद, रस्त्यावर सैनिक. आम्हाला हे सगळं रेडिओच्या खरखरीतून कळायचं. छावणीतली पोरं मात्र त्याच वेगाने आजारी पडत होती, त्यांना कोण गादीवर बसलं याच्याशी काय देणंघेणं! आम्ही दूध पाण्याने वाढवत होतो आणि ट्रकची वाट बघत होतो.

ट्रक आला तेव्हा त्याच्या ड्रायव्हरने एक पाकीट आणलं, संपात राजधानीत अडकलेल्या टपालाचं. त्यात माझी तार. तुम्ही केलेल्या दिवसापासून सातव्या दिवशी मला मिळालेली. मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली. फादर. मी तंबूच्या दाराशी उभी होते. वाचली, घडी घातली. आणि माझ्या डोक्यात तुमचाच आवाज आला, संपलां.

आमची मुख्य बाई आयर्लंडची होती, थोराड, लाल तोंडाची, मनाने फार चांगली. तिने माझ्या हातातून कागद घेतला, वाचला आणि म्हणाली, "उद्या विमानतळ उघडतोय. जवळच्या कसाला शहराहून एक लहान विमान खार्टूमला जाणार आहे, एक जागा आहे. तू जा. पुढचं तिकीट आम्ही काढतो." मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "अगं, तुझी आई गंभीर आहे." मी म्हटलं, "नाही. माझी आई गेली." तिने पुन्हा कागद बघितला. "इथे तसं लिहिलेलं नाही." आणि मी, बाबा, मी तिला समजावून सांगितलं! अगदी शांतपणे, तारमास्तरची मुलगी म्हणून थोडं ऐटीतच. आमच्याकडे असं लिहितात. मरण कधी लिहीत नाहीत. माझे वडील याच खात्यात आहेत, त्यांनीच मला शिकवलंय. आणि हे सात दिवसांपूर्वीचं आहे, आता दहावं जवळ आलं असेल. "तुला खात्री आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, शंभर टक्के. माझ्या तंबूत केरळची एक मुलगी होती, कावीळ झालेली, पुढच्या खेपेला जाणार होती. ती जागा मी तिला दिली. मग एक कॅन पाणी मागून घेतलं, तिथे पाण्याची काय किंमत ते तुम्हाला सांगून कळणार नाही, आणि आईच्या नावाने डोक्यावरून आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी विमान माझ्या डोक्यावरून गेलं. मी दूध ढवळत होते.

आई जिवंत होती. तुम्ही खरं लिहिलं होतंत. हे मला महिन्याभराने दादाच्या पत्रातून कळलं. हार्ट अटॅक आला होता, डॉक्टर म्हणाले दुसरा येईल, आणि आई एकोणीस दिवस पलंगावर पडून होती, शुद्धीत, बोलत, पेज खात. त्या विमानात बसले असते तर अकराव्या दिवशी मी घरात असते. आठ दिवस, बाबा. आठ दिवस मला तिचं डोकं मांडीवर घेता आलं असतं. नर्स होते मी, परक्यांच्या पोरांना चमच्याने दूध पाजत होते, आणि माझी आई कांजूरला जिना वाजला की विचारत होती, "बाय इली काय?" हे मला समोरच्या काकूंनी सांगितलं, त्या दोन महिने आमच्याकडेच जेवण करून देत होत्या. पोस्टमन आला तरी विचारायची, दूधवाला आला तरी. शेवटी शेवटी काकू खालून येताना आधीच ओरडायच्या, "मी आहे गं, मी!" म्हणजे आई उठून बसायची नाही.

जूनमध्ये मी परत आले. जिना चढताना वाटत होतं तुम्ही दोन थोबाडीत माराल, आणि मी ते सहन करीन, आणि मग आपण दोघं रडू. तुम्ही दारात उभे होतात. म्हणालात, "आता कित्याक इलंस?" मी म्हटलं, बाबा, मला वाटलं आई गेली. सीरियस लिहिलं होतंत तुम्ही. चाळीतले चार लोक गॅलरीत आले होते. तुम्ही त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "सीरियस म्हणजे सीरियस. इंग्रजी शाळेत शिकवलंय तुला." मी म्हटलं, पण तुम्हीच शिकवलं होतंत ना! तेव्हा तुम्ही जवळ आलात, हळू बोललात, आणि ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. "ती लोकांची गजाल. मी माझ्या चेडवाक खोटा कित्याक लिवीन?" माझ्याशी मालवणीत बोललेलं ते तुमचं शेवटचं वाक्य.

त्या दिवसापासून तुम्ही मला काउंटरवर उभं केलंत. बोलणं सोडलं असतंत तर परवडलं असतं. तुम्ही बोलायचात, इस्त्रीच्या मराठीत. "आपण जेवून घ्यावं." "आपली पाळी सकाळची आहे का?" "आपलं पत्र आलं आहे." स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाच्या तोंडून आपण! दादाला 'रे मेल्या', काकूंच्या पोरीला 'गो बाय', आणि मला आपण. पहिल्यांदा मी हसून बघितलं, मग रडून, मग ओरडून. एकदा ताटच आपटलं. तुम्ही खाली बसून शितं वेचलीत आणि म्हणालात, "आपण शांत व्हा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आणि बाहेर मात्र तुमची जीभ सैल. दुकानात, देवळात, गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला, "हिला आईपेक्षा काळी पोरं जवळची." आईच्या वर्षश्राद्धाला मी पान वाढायला घेतलं तर तुम्ही माझ्या हातातून पातेलं काढून काकूंच्या हातात दिलंत, सगळ्यांसमोर. भांडुपचं एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा मला आवडलाही होता. तुम्ही मुलाच्या वडिलांना चहा दिलात आणि म्हणालात, "आपल्याला सगळं सांगितलेलं बरं. आई आजारी असताना ही आली नाही." ते उठून गेले. पुढे कुणी आलंच नाही, आणि मीही वाट बघितली नाही.

माझी तेव्हा एकच मागणी होती. तुम्ही एकदा म्हणावं, की होय, चूक झाली, मीच शिकवलं होतं, ज्याला ज्याला मी शिकवलं त्याने तेच वाचलं असतं. बस्स. माफीसुद्धा नको होती. चार वर्षं मी त्या एका वाक्यासाठी त्या घरात राहिले, तुमचा डबा भरला, तुमचे शर्ट धुतले. तुम्ही ते वाक्य दिलं नाहीत. तेव्हा मी ठरवलं की ते तुमच्याकडून काढून घ्यायचं. कसं ते माहीत नव्हतं. संधी तुम्हीच दिलीत.

तुमची उजवी बाजू गेली ती एका सकाळी दाढी करताना. वस्तरा खाली पडला, त्याच्या मागोमाग तुम्ही. मी घरातच होते. आमच्याच हॉस्पिटलात नेलं, माझ्याच वॉर्डाशेजारी. जीव होता, शुद्ध होती, वाचा गेली. दुसऱ्याच दिवशी तुम्ही डावा हात ओठावर नेऊन मिशीला पीळ दिल्यासारखं केलंत. दादा. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून मस्कतला गेलेला तुमचा लेक, त्याची ती मोठी मिशी. तुम्हाला तो हवा होता. डॉक्टर म्हणाले, आठवडा काढतील, फार तर पंधरवडा, बोलावून घ्या. दादा राहायचा त्या कॅम्पमध्ये फोन नव्हता. तार करायची होती.

फॉर्म मी घरातूनच घेतला, ह्याच गठ्ठ्यातला. तुम्ही सांगितलं होतंत ना, मजकूर आधी लिहावा आणि खोडावा. मी लिहिलं, फादर अलाइव्ह, वॉन्ट्स यू, कम फास्ट. सरळ, स्वच्छ, शेंबड्या पोरालाही समजेल असं. मग मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले. बाहेर काकू मिरच्या वाळत घालत होत्या. मी 'अलाइव्ह' खोडलं. मग उरलेलं सगळंच खोडलं आणि खाली लिहिलं, फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली. तुमचीच तार, शब्दाला शब्द. दुसऱ्या फॉर्मवर स्वच्छ उतरवून घाटकोपरला तुमच्याच काउंटरवर दिली. नवा मुलगा होता, त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. खोटं एक अक्षर त्यात नव्हतं. तुम्ही सीरियस होतातच की! हो, मी हे समजून उमजून केलं. मला माहीत होतं दादा काय वाचील. तोही त्याच घरात वाढला होता. मला तुम्हाला वाट बघायला लावायची होती. जिना नव्हता तिथे, पण वॉर्डाचं दार होतं. ते करकरलं की तुमची मान वळायची आणि हात मिशीकडे जायचा. मी थर्मामीटर झटकत उभी असायचे, आणि मनात म्हणायचे, बाय इली काय?

सहाव्या दिवशी दादा आला. मी एवढं योजलं नव्हतं, बाबा, देवाशपथ. मी फक्त उशीर योजला होता. दार उघडलं आणि तो आत आला, डोक्याचा गोटा, मिशी सफाचट, कपाळ उन्हाने भाजलेलं. खोलीवरच्या गाववाल्यांनी त्याला समुद्रावर नेऊन भादरलं होतं, सुतक पाळायला लावलं होतं, आणि मग तो अरबाबाकडून, म्हणजे तिथल्या मालकाकडून, पासपोर्ट सोडवून बाराव्याच्या आत पोचायच्या हिशोबाने निघाला होता. घरी गेला, तिथे काकूंनी त्याला बघून किंकाळीच फोडली आणि तशीच टॅक्सीत घालून इकडे आणलं. तो खाटेपाशी येऊन उभा राहिला. तुमच्या उघड्या डोळ्यांकडे बघितलं आणि ओरडलाच. "आयला, बाबा जिते आहेत!" मग माझ्याकडे वळून, भरल्या वॉर्डात, "अगं, तू सीरियस लिहिलंस ना! मला वाटलं गेले! सीरियस म्हणजे गेले, बाबांनीच नाय का शिकवलं आपल्याला? मी काय मुद्दाम थांबलो काय? आयशपथ, तिकीट होतं गं दुसऱ्याच दिवशीचं, मी सोडलं ना यार!" काकू पदर तोंडात कोंबून उभ्या. त्यांनी ऐकलं. आजूबाजूच्या खाटांनी ऐकलं. मला चार वर्षं जे कुणाच्या गळी उतरवता आलं नाही, ते तुमच्या लाडक्या लेकाने एका दमात सांगून टाकलं.

तुमचा डावा हात सवयीने ओठाकडे निघाला होता. तो तिथेच थांबला. दादाच्या बोडक्या ओठाकडे बघत होतात तुम्ही. कळलं तुम्हाला. मी तेव्हा खोटं बोलले नव्हते एवढं कळलं, मला दिसलं कळताना. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, असा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. दादा पायाशी बसून हमसाहमशी रडायला लागला, काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. तुम्ही मान वळवलीत, हळूहळू, त्या अर्ध्या मेलेल्या मानेने, माझ्याकडे. तोंडाची डावी बाजू हलली. आवाज आला, घोगरा, पाण्यातून आल्यासारखा. मी खाटेच्या पायथ्याशी चार्ट घेऊन उभी होते. मी पुढे वाकले आणि विचारलं, "आपण काही म्हणालात?" काउंटरवरची मराठी, एकदम स्वच्छ. तुम्ही पुन्हा प्रयत्न केलात. डोळ्यांतून पाणी आलं, एकाच डोळ्यातून. मी पुन्हा विचारलं, "आपण काही म्हणालात का?" मग तुम्ही डोळे मिटलेत. तिसऱ्या दिवशी गेलात. तोवर परत तोंड उघडलं नाहीत. दादाने त्या गोट्यानेच अग्नी दिला.

नंतर काकूंनी मला विचारलं होतं, "तुझ्याकडे बघून काहीतरी म्हणत होते गं ते, काय म्हणाले?" मी म्हटलं, काय माहीत, जीभ जड झाली होती. दादाने विचारलं तेव्हाही हेच सांगितलं. दादाला तारेबद्दल कधी संशय आला नाही, उलट तो मलाच म्हणाला, तुझं तेव्हा खरं होतं, आम्ही उगाच तुला बोल लावला. चाळीत सगळ्यांनी तेच म्हटलं. जिंकले मी. आता मुलुंडला एकटी राहते, पेन्शन आहे, गुडघे दुखतात, बाकी ठीक आहे. हे फॉर्म आज कपाट आवरताना निघाले, वर तोच, 'अलाइव्ह' खोडलेला. हे सगळं लिहून झाल्यावर मी ते पुन्हा गठ्ठ्यात घालून कपाटात ठेवणार आहे. एवढंच सांगायचं राहिलं होतं.

तुम्ही 'गो' म्हणालात, बाबा. 'गो बाय', त्यातलं फक्त 'गो'. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.